होडी निघाली हायवेला

ताशी शंभराच्या जवळपास वेगानं, वाऱ्याच्या थेट विरुद्ध दिशेला आणि पाण्याच्या एका थेंबालाही न शिवता जाणारी शिडाची होडी पाहिलीय कधी? मी पाहिलीय. पाहिलीय कसली, तिच्यात झोपलेय! तेही अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, एका पार्किंग लॉटमध्ये, जमिनीपासून सहा फूट उंचावर. सगळ्यात जवळचा समुद्र तिथून हजाराहून जास्त किलोमीटर लांब होता.

या प्रकाराला तिकडे ट्रेलर सेलिंग म्हणतात. फंडा एकदम सोपा आहे. बंदरात वर्षभर उभी राहणारी मोठी यॉट दिसायला झकास, पण ती शिडावर चालणार ताशी दहा-बारा किलोमीटरनं. दोन आठवड्यांच्या सुट्टीत ती जाऊन जाऊन जाणार कुठे? बंदराच्या आसपासच. शिवाय जागेचं भाडं दर महिन्याला भरायचं, तुम्ही फिरा नाहीतर घरी लोळा. छोटी होडी मात्र घरामागच्या अंगणात फुकट उभी राहते. सुट्टी लागली की ट्रेलर गाडीच्या हुकला अडकवायचा, आणि दोन-तीन दिवसांत देशातला कुठलाही समुद्र आपला. यंदा पॅसिफिक, पुढच्या वर्षी फ्लोरिडा. मोठ्या यॉटवाल्याला जे जमत नाही ते छोट्या होडीवाल्याला जमतं, आणि याचं सगळं श्रेय खालच्या दोन चाकांना.

म्हणूनच या होड्यांची रुंदी समुद्र ठरवत नाही, रस्ता ठरवतो. अमेरिकेत साडेआठ फुटांपेक्षा रुंद काही ओढायचं असेल तर खास परवाना लागतो. त्यामुळे डिझायनर मंडळी त्या साडेआठ फुटांच्या आत जेवढं बसवता येईल तेवढं बसवतात. यातलं एक गाजलेलं मॉडेल म्हणजे कॅटलिना २२. फ्रँक बटलर यांच्या कंपनीनं ते १९६९ मध्ये आणलं आणि आजवर अशा पंधरा हजारांहून जास्त होड्या बनल्या. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी पावणेआठ फूट. खरी गंमत तिच्या पोटाखाली आहे. शिडाची होडी वाऱ्यानं कलंडू नये म्हणून तळाला जड कील, म्हणजे खाली लोंबणारं धातूचं पातं लागतं. कॅटलिनाच्या बऱ्याच होड्यांमध्ये हे अडीचशे किलोंचं लोखंडी पातं बिजागरीवर फिरतं. खाली सोडलं की होडीला पाच फूट पाणी लागतं, हँडल फिरवून वर घेतलं की फक्त दोन फूट. दोन फूट, राव! गुडघ्याच्या थोडं वर. म्हणून ती ट्रेलरवर बसते आणि म्हणूनच ती किनाऱ्याच्या अगदी जवळ जाऊ शकते.

माझ्या मावसभावाकडे, म्हणजे दादाकडे, अशीच एक होडी आहे, १९८४ ची. सेकंडहँड, ट्रेलरसकट पाच हजार डॉलरच्या आत मिळाली. दादा-वहिनी डेन्व्हरला राहतात, समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर. दादा मूळचा रत्नागिरीचा. मिरकरवाडा बंदर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण लहानपणी मावशीनं त्याला कधी होडीत पाय ठेवू दिला नाही. शिडाची होडी तो शिकला कोलोरॅडोच्या डोंगरांमधल्या धरणांवर. या माणसाला पस्तिसाव्या वर्षी खारं पाणी हवंसं वाटायला लागलं यात नवल नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे होते आणि ते होडी घेऊन सॅन वॉन बेटांकडे निघाले होते. वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, कॅनडाला खेटून असलेली ही बेटं. डेन्व्हरपासून साधारण चौदाशे मैल, म्हणजे सव्वाबावीसशे किलोमीटर. ‘येतेस का? पण बॅग छोटी आण आणि कुरकुर अजिबात नको,’ इति वहिनी.

दहा दिवसांची रजा, सोळा दिवसांचं गणित

अमेरिकेत खासगी नोकरीत पगारी रजा द्यायलाच हवी असा देशपातळीवरचा कायदा नाही. कंपनी देईल ती रजा. या दोघांना वर्षाला पंधरा दिवस मिळतात. त्यातले दहा घ्यायचे, पुढे-मागे-मध्ये तीन वीकेंड जोडायचे, झाले सोळा दिवस. जाताना तीन, येताना तीन, एक दिवस होडी धुण्याचा. पाण्यावरच्या रात्री उरतात आठ. यातला एक दिवस जरी रस्त्यात गेला तरी तो पाण्यातून वजा होतो. हे गणित लक्षात ठेवा, कारण आमच्या ट्रिपचं सगळं टेन्शन त्यातच होतं.

निघण्याआधी दादानं होडी-गाडीची सगळी वरात ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर नेली. होडी, ट्रेलर आणि सामान मिळून पावणेदोन टन. त्याच्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता पाच हजार पौंड, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. म्हणजे जमतंय. पण नुसतं एकूण वजन बघून चालत नाही. त्यातला दहा टक्क्यांच्या आसपास भार गाडीच्या हुकवर यावा लागतो. भार मागे सरकला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो आणि ही शेपूट अख्ख्या कुत्र्याला उलटवू शकते. दादानं नांगर, साखळी आणि पाण्याचे कॅन मागून उचलून पुढे ठेवले आणि परत काट्यावर गेला. तांदळाची पिशवीसुद्धा पुढच्या बाजूला गेली!

ट्रेलरचे ब्रेक कसे लागतात हेही मला तेव्हाच कळलं. गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर पुढे ढकलतो. त्या ढकलण्यानंच हुकपाशी असलेला दट्ट्या आत जातो, तेलाचा दाब तयार होतो आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतात. ना वायर, ना बटण. वाया जाणारा धक्काच कामाला लावायचा. हुशार आहे की नाही?

आणि वेग? वायोमिंगमध्ये लोक पंच्याहत्तर-ऐंशी मैलांनी सुसाट जातात. पण ट्रेलरचे टायर वेगळे असतात, त्यातल्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा पासष्ट मैल असते. दादा साठच्या वर जात नाही म्हणजे नाही. अठरा चाकी ट्रक आम्हाला ओव्हरटेक करून जायचे आणि दर वेळी होडी एक मोठा श्वास घेतल्यासारखी हलायची.

रॉलिन्सच्या वाऱ्यात दीड तास

शायनच्या पुढे इंटरस्टेट ८० चढत चढत शर्मन समिटला पोचतो. ८,६४० फूट, या महामार्गावरचा सर्वांत उंच बिंदू. तिथे अब्राहम लिंकनचा भलामोठा पुतळा खाली वाकून ट्रकवाल्यांकडे बघत बसलाय. फोटो काढण्यासाठी उतरले तर वाऱ्यानं टोपीच पळवली. लारामीपासून रॉलिन्सपर्यंतचा पट्टा या वाऱ्यासाठी बदनाम आहे. वारा वाढला की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद केल्याचे बोर्ड झळकतात. आम्हाला तो बोर्ड लागला नाही. वारा मात्र लागला.

दादाचा एक नियम आहे. प्रत्येक पेट्रोल पंपावर उतरल्यावर टॉयलेट नंतर, आधी चाकाचा हब. हब म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्याच्या आत बेअरिंग असतं. त्यावर हात ठेवायचा. कोमट असेल तर ठीक. रॉलिन्सला त्यानं उजव्या हबवर हात ठेवला, ठीक. डाव्यावर ठेवला आणि झटकन मागे घेतला. त्याच्याकडे तापमान मोजायचं छोटं पिस्तूलही आहे. डावा हब उजव्याच्या दुपटीहून जास्त गरम होता.

कुणी काहीच बोललं नाही. वहिनीनं डिकीतून जॅक काढला.

होड्यांच्या ट्रेलरचं हे जुनं दुखणं आहे. लांबून आलेला ट्रेलर, हब तापलेले, आणि तसाच तो होडी उतरवायला पाण्यात घालायचा. गरम हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसमध्ये पाणी मिसळतं, बेअरिंग गंजतं, आणि मग पुढच्या लांब प्रवासात ते तापत तापत जाम होतं. नशीब चांगलं असेल तर नुसता धूर. नसेल तर चालत्या गाडीतून चाक निखळतं आणि ते कुणाच्या अंगावर जाईल याचा भरवसा नाही. वहिनीच्या भाषेत सांगायचं तर, समुद्रात होडी बुडण्यापेक्षा हायवेला बुडण्याची शक्यता जास्त.

झाकण काढलं तर ग्रीस दुधाळ कॉफीसारखं झालेलं. म्हणजे पाणी शिरलंच होतं. बेअरिंगच्या रोलरवर निळसर झाक आली होती, लोखंड जास्त तापल्याची खूण. दादानं एप्रिलमध्ये दोन्ही हबमध्ये नवं ग्रीस भरलं होतं, पण या बाजूचं सील एका जागी कापलं गेलं होतं.

शनिवारची दुपार, आजूबाजूला नुसतं गवत आणि वारा. गॅरेज सापडेपर्यंत सोमवार उजाडला असता. दोन दिवस म्हणजे आठातल्या दोन रात्री. पण दादा ट्रेलरवर एक डबा बांधून आणतो. त्यात ब्रेकच्या ड्रमसकट तयार हब होता, बेअरिंग बसवलेला, ग्रीस भरलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. एवढ्या वजनाला ‘हा दगड कशाला’ म्हणून मी आदल्या दिवशी हसले होते, ते वहिनीनं नेमकं तेव्हाच आठवून दिलं.

मग पिन काढा, नट सोडा, जुना हब ओढा, आतला दांडा पुसून घ्या, त्याला ओरखडा नाही ना ते बोटानं तपासा, नवा हब सरकवा. नट आवळताना चाक हातानं फिरवत राहायचं, आणि घट्ट झाल्यावर किंचित सैल सोडायचं. फार आवळलं तर नवं बेअरिंगही तापतं. ही ‘किंचित’ची मात्रा कुठल्याच पुस्तकात धड सांगता येत नाही, ती हाताला कळते. मी टॉर्च धरला आणि वाऱ्यात उडणाऱ्या चिंध्या पकडल्या. दीड तास गेला. पुढे वीस मैलांवर थांबून परत हात लावला. कोमट. पन्नास मैलांवर परत. कोमट. मग कुठे वहिनीनं चिवड्याचा डबा उघडला.

त्या रात्री रॉक स्प्रिंग्जच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं. एका कॅम्पिंगच्या जागेत गाडी लावली, शिडी टेकवून होडीत चढलो आणि आत झोपलो. केबिनमध्ये तिघांना ऐसपैस जागा आहे, फक्त बसताना डोकं सांभाळायचं. रात्रभर वाऱ्यानं डोलकाठीचे दोर वाजत होते. डोळे मिटले तर बंदरात आहोत असंच वाटत होतं.

आयडाहोचे टॉर्चवाले

दुसऱ्या दिवशी युटा ओलांडून आयडाहोत शिरलो. तिथे होडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकानं हायवेवरच्या तपासणी केंद्रावर थांबलंच पाहिजे. दारू, शस्त्रं नाही, ते शोधतात शिंपले. क्वॅगा आणि झेब्रा नावाचे, नखाएवढे. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूचे हे जीव जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून अमेरिकेतल्या ग्रेट लेक्समध्ये पोचले आणि तिथून ट्रेलरवरच्या होड्यांना चिकटून देशभर पसरले. २००७ मध्ये लेक मीड, मग लेक पॉवेल. एकदा वसले की पाइप, धरणांची जनित्रं, कालवे, सगळं चोंदून टाकतात, आणि मग ते घालवणं जवळजवळ अशक्य. सप्टेंबर २०२३ मध्ये आयडाहोतच ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीत क्वॅगा सापडले आणि सरकारला नदीच्या त्या पट्ट्यात तांब्याचं औषध सोडावं लागलं. त्यात मासेही मेले.

म्हणजे ज्या गोष्टीमुळे या होड्या इतक्या भारी, कुठलंही पाणी तीन दिवसांत, तीच गोष्ट तिथल्या नद्यांना घातक. हे मला त्या केंद्रावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

कॉलेजात शोभेल अशा वयाची एक मुलगी टॉर्च घेऊन ट्रेलरखाली आडवी झाली. कीलची खाच, इंजिनाचं पाणी, नांगराचा कप्पा, सगळं तपासलं. मग होडीच्या तळावरून तळहात फिरवला. शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला सँडपेपरसारखी लागतात म्हणे. शंका आली तर साठ अंशांच्या गरम पाण्यानं धुतात. आमची होडी कोरडीठाक होती, दादा प्रत्येक वेळी धरणातून बाहेर काढल्यावर स्पंजनं पुसतो. वीस मिनिटांत सुटलो.

तिसरा दिवस लांबलचक. बॉयझीहून निघून ओरेगनच्या ब्लू माउंटन्समधून उतरताना कॅबेज हिल नावाचा घाट लागतो, सहा मैलांत दोन हजार फूट उतार. आपल्या बोरघाटातून ट्रकमागे उतरलेल्यांना तो वास ओळखीचा वाटेल, जळक्या ब्रेकचा. दादा खालच्या गिअरमध्ये, वहिनी ‘बोलू नका’ मोडमध्ये. मग कोलंबिया नदी, याकिमाच्या फळबागा, स्नोक्वाल्मी खिंड, आणि रात्री साडेदहाला अॅनाकॉर्टिस. गाडीतून उतरल्यावर पहिला वास खाऱ्या वाऱ्याचा आला. दादा काही न बोलता पाच मिनिटं अंधारात उभा होता.

वहिनीचा रिव्हर्स

डोलकाठी पंचवीस फूट लांब, अॅल्युमिनियमची. ती प्रवासात आडवी बांधलेली असते आणि होडी पाण्यात उतरवण्याआधी उभी करायची असते. ती उभी करण्याआधी दादा पार्किंगपासून पाण्यापर्यंतचा सगळा रस्ता पायी चालला, मान वर करून. विजेच्या तारा बघत. उभ्या काठीनं तारेला शिवून लोक दगावलेत, दर काही वर्षांनी अशी बातमी येतेच. वर आभाळ मोकळं आहे याची खात्री झाल्यावरच हँडल फिरलं. काठी वर जाताना एक दोर खिडकीच्या कडेला अडकला, थांबलो, सोडवला, परत वर. दोन तास मोडले आणि तेवढ्यात हबही गार झाले. नाहीतर पुन्हा तीच दुधाळ कॉफी.

होडी पाण्यात उतरवायचा उतार म्हणजे बोट रँप. ट्रेलर मागे मागे पाण्यात न्यायचा, होडी तरंगली की गाडी बाहेर. ऐकायला सोपं. पण ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं तर ट्रेलर डावीकडे जातो. रँपवर बाकीचे होडीवाले रांगेत उभे राहून फुकटचा तमाशा बघत असतात. नवरा-बायकोंची निम्मी भांडणं इथेच होतात असं म्हणतात, आणि आमच्या पुढच्या जोडप्यानं ते खरं करून दाखवलं.

आमच्याकडे मात्र वहिनी गाडी चालवते. एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी सरावानं शिकली. तिची ट्रिक लिहून घ्या: हात स्टीअरिंगच्या वर नाही, खाली धरायचा. मग हात ज्या बाजूला नेऊ त्याच बाजूला ट्रेलर जातो. आणि दोघांमध्ये करार असा की ओरडायचं नाही, फक्त हाताच्या खुणा. आरशात दादा दिसेनासा झाला की ती थांबते. भरतीची वेळ साधली होती, पाणी वर होतं. एका दमात ट्रेलर सरळ पाण्यात गेला, होडी हलकेच उचलली गेली. रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढून वहिनीला सलाम ठोकला. तिनं चेहरा एकदम कूल ठेवला, पण गाडी लावून परत येताना ती चक्क उड्या मारत आली.

आठ रात्री

समुद्राबद्दल मी कमी लिहिणार आहे, कारण तिथे सगळं मस्त होतं आणि मस्तचं वर्णन कंटाळवाणं होतं. पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

इथलं पाणी नदीसारखं धावतं. भरती-ओहोटीला बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून ताशी आठ-नऊ किलोमीटरचा प्रवाह असतो आणि आमच्या होडीचा स्वतःचा वेग फार तर अकरा. एका सकाळी आम्ही अर्धा तास उशिरा निघालो. शिडं फुगलेली, पाणी कापल्याचा आवाज झकास, आणि जीपीएसवर वेग जवळजवळ शून्य! किनाऱ्यावरचं तेच झाड पाऊण तास आमच्याकडे बघत होतं. कोकणातल्या कुठल्याही खलाशाला हे सांगितलं असतं तर त्यानं आधी वेळापत्रक नीट बघायला सांगितलं असतं. डेन्व्हरच्या धरणात भरती नसते. दादा तेव्हापासून भरतीचा तक्ता उशाशी घेऊन झोपला. पाणी दहा-बारा अंशांचं, त्यामुळे लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही हा दुसरा नियम.

सूशिया बेटावर वाऱ्या-पाण्यानं कोरलेले वालुकाश्म आहेत, एखाद्या लेण्याची सुरुवात करून कारागीर जेवायला गेल्यासारखे. याच बेटावर २०१२ मध्ये डायनोसॉरच्या मांडीच्या हाडाचा तुकडा सापडला, वॉशिंग्टन राज्यातला पहिला. तिथल्या उथळ खाडीत मोठ्या यॉट लांबवर नांगरलेल्या, आणि आम्ही कील वर घेऊन पार आत, किनाऱ्यापाशी. संध्याकाळी वहिनीनं खिचडी लावली. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या पन्नास फुटी यॉटवरून एक काका डिंगी वल्हवत विचारायला आले, ‘सगळं ठीक आहे ना?’ त्यांना खिचडी दिली. त्यांनी जाताना आमच्या होडीभोवती एक चक्कर मारली आणि कोलोरॅडोची नंबरपाटी वाचून विचारलं, ‘ओढून आणलीत?’ त्यांच्या आवाजात जरा असूयाच होती.

सॅन वॉन बेटावरचा इंग्लिश कॅम्पही पाहिला. १८५९ साली इथे एका अमेरिकन शेतकऱ्यानं बटाटे खाणारं ब्रिटिश कंपनीचं डुक्कर मारलं आणि दोन देशांच्या फौजा समोरासमोर आल्या. पुढची बारा-तेरा वर्षं दोघांचे तळ एकाच बेटावर. १८७२ मध्ये जर्मन सम्राटानं निवाडा अमेरिकेच्या बाजूनं दिला. मेलं ते फक्त डुक्कर.

ओर्काही दिसले, दुर्बिणीतून. जानेवारी २०२५ पासून इथल्या कायद्यानं साऊथर्न रेसिडेंट ओर्कांपासून हजार यार्ड लांब राहावं लागतं. ते उरलेत जेमतेम सत्तरच्या आसपास. काळे पंख दिसताच दादानं होडी वळवली. फोटोत एक ठिपका आलाय. पण तो ठिपका माझा आहे!

मावशीचा फोन

फ्रायडे हार्बरला रेंज आली आणि पाठोपाठ मावशीचा फोन. होडी, हवा, जेवण असं सगळं विचारून झालं, आणि मग सरळ, ‘मग दिवाळीला येताय ना?’

आठवा ते गणित. पंधरातले दहा दिवस इथे गेले, उरले पाच. पाच दिवसांत रत्नागिरी होत नाही, जाण्या-येण्यातच चार जातात. हे निघण्याआधी तिघांनाही माहीत होतं, मावशी धरून. पण माहीत असणं वेगळं आणि फोनवर ऐकणं वेगळं. दादा म्हणाला, ‘आई, पुढच्या वर्षी नक्की. होडी नाही, फक्त तुझ्याकडे.’ मावशी म्हणाली, ‘मागच्या वर्षीही असंच म्हणालास.’ आणि विषय बदलून, भाट्याच्या पुलावरून दिसणाऱ्या पावसाबद्दल बोलत राहिली.

फोननंतर होडीत बराच वेळ शांतता. मग वहिनी बोलली, माझ्याकडे बघत, पण दादासाठी. ‘तिकडे गेलो की तीन आठवड्यांत चाळीस घरी जेवतो. सगळ्यांना भेटतो. आम्ही दोघं एकमेकांना भेटत नाही. वर्षभर हा एका स्क्रीनसमोर, मी दुसऱ्या. इथे एकानं दोर सोडला तर दुसऱ्याला धरावाच लागतो.’ दादा म्हणाला, ‘ते आईला कसं सांगू?’ ती म्हणाली, ‘मला तरी कुठे माझ्या आईला सांगता आलंय?’

मी भांडी धुवायला घेतली. ऑनसाइट गेलेल्या प्रत्येकाच्या घरी हे कधी ना कधी होतंच, कुणाकडे होडीवरून, कुणाकडे युरोप टूरवरून. मला विचाराल तर दोघांची बाजू पटते आणि मावशीची त्याहून जास्त. पण मला कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. रात्री दादा नकाशा उघडून बसला होता, तेव्हा स्क्रीनवर अलास्का नव्हतं, एअरलाइनच्या तारखा होत्या.

तुम्हाला करायचं असेल तर

तिकडे पोस्टिंगवर असाल आणि हात शिवशिवत असतील, तर थोडं प्रॅक्टिकल. भाड्याच्या गाडीनं ट्रेलर ओढायला बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत. म्हणजे स्वतःची गाडी हवी, हुक हवा, आणि विमा ट्रेलरला लागू आहे का हे आधी विचारायला हवं. होडीआधी ट्रेलर बघा. होडीचा रंग उडालेला चालेल, गंजलेला ट्रेलर नको. ओढताना मायलेज जवळजवळ अर्ध्यावर येतं. आमचं जाऊन-येऊन पेट्रोल साडेसातशे डॉलरच्या आसपास झालं, पण राहायचा खर्च जवळपास शून्य, कारण घर मागून येतच होतं. नुसती चव घ्यायची असेल तर अॅनाकॉर्टिसलाच होडी भाड्यानं मिळते, आठवड्याला काही हजार डॉलर. पैसे जास्त, टेन्शन कमी. आधी कुठल्यातरी क्लबात शिडाची होडी शिकून घ्या, हे मात्र वगळू नका.

शेवटच्या दिवशी होडी ट्रेलरवर घेतली, काठी आडवी केली, आणि गोड्या पाण्याच्या नळाखाली ब्रेक, हब, स्प्रिंगा, सगळं अर्धा तास धुतलं. मीठ राहिलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्याचा भुगा होतो. आयडाहोला परत थांबलो, परत टॉर्च, परत तळहात. या वेळी दादानं आपणहून कीलची खाच उघडून दाखवली. रॉलिन्सच्या त्याच पंपावर पेट्रोल भरलं. दोन्ही हब कोमट. रिकाम्या डब्यासाठी दादानं तिथूनच फोनवर नवा हब ऑर्डर केला, आणि या वेळी सीलं दोन जास्त मागवली.